म्हातारपणाचं गाव: सन सिटी ते पुणे

आजचा भाग थोडा वेगळा आहे. आज लढाई नाही, राजा नाही, किल्ला नाही. आज आपण एका कॉलनीचा इतिहास बघणार आहोत. तोही अशा कॉलनीचा, जिच्यात तुम्हाला घर मिळणारच नाही, कारण तुमचं वय कमी आहे.

हा विषय घ्यायचं कारण साधं आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे आई-बाबा आता साठीच्या आसपास आहेत. तुम्ही बंगळुरूला, टोरंटोला, नाहीतर पुण्यातच पण दीड तासाच्या ट्रॅफिकपलीकडे. आणि एके दिवशी फॅमिली ग्रुपवर एक ब्रोशर येतं. हिरवळ, बाकं, हसणारे आजी-आजोबा, खाली लिहिलेलं 'सीनियर लिव्हिंग'. कधी ते तुम्ही पाठवलेलं असतं, कधी बाबांनीच. आणि मग ग्रुपवर शांतता. कुणी काही बोलत नाही. आईला वाटतं, आपल्याला घराबाहेर काढतायत. मुलाला वाटतं, लोक काय म्हणतील. बाबांना खरं तर तिथलं कॅरम आणि लायब्ररी आवडलेली असते, पण ते बोलत नाहीत.

ही शांतता कुठून आली, याला इतिहास आहे. आणि अशा वसाहतीत राहिल्यावर लोकांचं नक्की काय होतं, यालाही आता साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असेल तर घरातली चर्चा जरा बऱ्या पातळीवर होईल. चला तर मग.

'वृद्धाश्रम' म्हटलं की पोटात गोळा का येतो?

आधी या भीतीचं मूळ बघू. म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी जागा ही कल्पना जुनी आहे, पण ती जागा कायम गरिबांसाठी होती. ज्याला कुणी नाही, त्याच्यासाठी.

इंग्लंडचं उदाहरण घ्या. १८३४ मध्ये तिथे गरिबांसाठीचा नवा कायदा आला. सरकारी मदत हवी असेल तर 'वर्कहाऊस'मध्ये राहायला या, असा त्याचा रोख. ही जागा मुद्दामच नकोशी ठेवलेली होती, म्हणजे लोक सहजासहजी मदत मागणार नाहीत. आत गेल्यावर पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. चाळीस-चाळीस वर्षं संसार केलेलं जोडपंही वेगळं. पुढे १८४७ मध्ये साठीपुढच्या जोडप्यांना एकत्र खोली देण्याची तरतूद झाली, पण प्रत्यक्षात ती फार थोड्यांच्या वाट्याला आली. अमेरिकेतही गावोगावी अशी 'पुअरहाऊस' होती. म्हातारपणी तिथे जावं लागणं म्हणजे आयुष्य हरल्याचा शिक्का.

आपल्याकडे बघा. पुण्यात नवी पेठेत 'निवारा' नावाचा वृद्धाश्रम आहे. त्याचं मूळ नाव डेव्हिड ससून इन्फर्म असायलम. ज्यांच्या नावाचं हॉस्पिटल पुण्यात प्रत्येकाला माहीत आहे, तेच हे ससून. बगदादहून मुंबईला आलेले ज्यू व्यापारी. १८६४ मध्ये पुण्यातच ते वारले. त्यांच्या दानातून १८६० च्या दशकात ही संस्था उभी राहिली. नावातच बघा, 'इन्फर्म' म्हणजे दुर्बळ आणि 'असायलम' म्हणजे आसरा. काम मोठं पुण्याचं, यात वादच नाही. पण लोकांच्या मनात समीकरण पक्कं झालं, की जो इथे येतो तो निराधार.

मग मराठी नाटकांनी त्यावर आपली मोहोर उमटवली. १९७० मध्ये वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' आलं. मुलांना सगळं देऊन टाकलेला बाप आणि मग त्याची फरफट. त्याच दशकात जयवंत दळवींचं 'संध्याछाया' आलं, त्यात मुलांची वाट बघणारं एकटं जोडपं आहे. दोन पिढ्या हे बघत वाढल्या. त्यामुळे 'आई-बाबा वेगळे राहणार' म्हटलं की आपल्या डोक्यात आपोआप गणपतराव बेलवलकर उभे राहतात आणि आपण खलनायक होतो.

इथे एक गोष्ट मात्र सांगायला हवी. 'पूर्वी सगळे एकत्र राहायचे, आता बिघडलं' हे वाक्य तितकंसं खरं नाही. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत आणि म्हातारे आई-बाप गावात, हे चित्र शंभर वर्षांपूर्वीचंच आहे. मनीऑर्डर यायची, मुलगा गणपतीला आणि शिमग्याला यायचा. लांब गेलेली मुलं ही काही व्हॉट्सॲपच्या काळातली गोष्ट नाही. फरक इतकाच की तेव्हा आजूबाजूला वाडी होती, भावकी होती. म्हणजे प्रश्न फक्त 'मुलगा कुठे आहे' हा नाही. 'शेजारी कोण आहे' हाही आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवृत्ती नावाची नवी गोष्ट

आता दुसरा धागा. 'रिटायर होणं' ही कल्पनाच तशी नवी आहे. शेतकरी रिटायर होत नाही. सुतार होत नाही. हात चालतात तोवर काम.

जर्मनीत १८८९ मध्ये बिस्मार्कच्या काळात म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला. वयाची अट होती ७०. अमेरिकेत १९३५ मध्ये 'सोशल सिक्युरिटी' आली, अट ६५. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पगार वाढले, कंपन्या पेन्शन द्यायला लागल्या, आयुष्य वाढलं. आणि इतिहासात पहिल्यांदाच असा एक मोठा वर्ग तयार झाला, ज्याच्याकडे तब्येत होती, थोडे पैसे होते आणि पुढची पंधरा-वीस वर्षं करायला काहीच नव्हतं.

वर्कहाऊसला जाणारा म्हातारा आणि हा म्हातारा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला छप्पर हवं होतं, तर दुसऱ्याला सोबत आणि दिवस घालवायला काहीतरी. आपली मराठी चर्चा अडकते ती इथेच. आपण दुसऱ्या माणसाला पहिल्या माणसाची भीती दाखवत राहतो.

१ जानेवारी १९६०: वाळवंटातली गर्दी

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराबाहेर १९५४ मध्ये 'यंगटाउन' नावाची एक छोटी वसाहत सुरू झाली होती. नाव 'तरुणांचं गाव', पण राहायला फक्त म्हातारे. बेन श्लायफर नावाच्या एका बांधकाम व्यावसायिकाची ही कल्पना. घरं साधी, खर्च कमी आणि लहान मुलं नाहीत.

शेजारीच कापसाची शेतं होती. ती जमीन हेरली डेल वेब या माणसाने. हा गडी मोठा इंटरेस्टिंग आहे. सुरुवात सुतारकामापासून. लास वेगासमधलं प्रसिद्ध फ्लेमिंगो हॉटेल पूर्ण केलं ते त्याच्या कंपनीने. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल टीमचा तो सहमालक होता. आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबण्यासाठी ॲरिझोनात जी छावणी उभारली, तीही त्याच्याच कंपनीने बांधली. म्हणजे 'लोकांचं गाव झटपट कसं बसवायचं' हे त्याला चांगलं माहीत होतं, मग ते सुखासाठी असो की कैदेसाठी.

वेबने एक उलटी चाल केली. सहसा बिल्डर आधी घरं विकतो आणि क्लबहाऊसचं चित्र दाखवतो. क्लबहाऊस मग येतं, कधी कधी येतही नाही. (पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!) वेबने आधी करमणुकीचं केंद्र, पोहण्याचा तलाव, गोल्फ कोर्स आणि दुकानं बांधली. सोबत फक्त काही नमुना घरं. मग जाहिरात केली. विकायचं होतं ते घर नाही, तर दिवस. सकाळी उठून काय करायचं, याचं उत्तर.

१ जानेवारी १९६० ला 'सन सिटी' उघडली. कंपनीला थोडेफार लोक येतील असं वाटत होतं. पहिल्या तीन दिवसांत लाखभर लोक येऊन गेले, गाड्यांच्या रांगा लागल्या. पहिल्या तीन दिवसांतच दोनशेहून जास्त घरं विकली गेली. १९६२ मध्ये डेल वेब 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. आज तिथे चाळीस हजारांच्या आसपास लोक राहतात, आणि गोल्फची छोटी गाडी घेऊन भाजी आणायला जाणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे.

अट काय होती? घरात किमान एक माणूस पन्नाशीपुढचा हवा (नंतर ही अट ५५ झाली) आणि शाळकरी मुलं कायम राहायला नकोत. नातवंडं सुट्टीत येऊ शकतात. राहायला नाही.

तज्ज्ञ म्हणाले चूक, राहणारे म्हणाले बरं आहे

आता खरा वाद सुरू होतो.

शहरांवर लिहिणारा मोठा विचारवंत लुईस ममफर्ड याने १९५६ मध्येच, म्हणजे सन सिटीच्या आधी, एक लेख लिहून बजावलं होतं की म्हाताऱ्यांना वेगळं काढू नका, त्यांना वस्तीतच मिसळून ठेवा. सगळ्या वयांची माणसं आजूबाजूला असणं हेच निरोगी आहे. ऐकायला एकदम पटतं ना? आपल्याकडचं कुणीही हेच म्हणेल.

पण मग अभ्यासकांनी प्रत्यक्ष जाऊन बघायला सुरुवात केली. आयर्व्हिंग रोसो या समाजशास्त्रज्ञाने क्लीव्हलंड शहरातल्या हजाराहून जास्त वृद्धांचा अभ्यास केला. काही जण सगळ्या वयांच्या इमारतीत राहत होते, काही अशा ठिकाणी जिथे शेजारी बहुतेक म्हातारेच होते. १९६७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. निष्कर्ष असा की ज्यांच्या आसपास समवयस्क जास्त, त्यांना मित्रही जास्त. विशेषतः कामगारवर्गातल्या वृद्धांना हा फरक मोठा जाणवत होता, कारण त्यांचं जग शेजारापुरतंच होतं. म्हणजे तरुणांच्या मधोमध राहिलं की म्हातारा माणूस आपोआप 'मिसळतो', हे खरं नव्हतं. तरुण शेजारी सकाळी आठला ऑफिसला जातात आणि रात्री आठला येतात. मिसळायचं कुणात?

पण रोसोने आणखी एक गोष्ट दाखवली, जी ब्रोशरमध्ये कधीच नसते. मैत्रीने मुलांची उणीव भरून निघत नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत. एका खात्यात भरपूर जमा असलं म्हणून दुसऱ्यातला खड्डा बुजत नाही. ज्यांचा मुलांशी संबंध कमी, त्यांना ते मित्रांमधून वसूल करता येत नव्हतं.

दुसरा अभ्यास तर गोष्टीसारखा आहे. आर्ली हॉखशील्ड ही तेव्हाची तरुण अभ्यासक. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठी एक इमारत होती. चाळीसेक रहिवासी, बहुतेक विधवा बायका. हॉखशील्डने तिथे काम केलं. तिला वाटलं होतं, इथे एकाकीपणा दिसेल. दिसलं उलटंच. खाली कॉफी, कार्यक्रम, एकमेकींच्या तब्येतीवर बारीक लक्ष, भांडणं, रुसवे, गॉसिप. बहिणी-बहिणींसारखं नातं. १९७३ मध्ये तिचं पुस्तक आलं आणि ते खूप गाजलं.

पण तिनेही एक बोचरी गोष्ट टिपली. त्या बायकांमध्ये एक न बोललेली उतरंड होती. जिची तब्येत चांगली, जिची मुलं जवळ राहतात आणि येऊन भेटतात, ती वरच्या पायरीवर. ती खालच्या पायरीवरच्या बाईबद्दल म्हणायची, 'बिचारी!' आणि ती 'बिचारी' आणखी कुणाकडे तरी बघून तेच म्हणायची. आता तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जाऊन बसा. 'यांचा मुलगा दर रविवारी येतो हो,' हे वाक्य ऐकू येईल. अशा वसाहतीत मुलांच्या भेटी हे चलन असतं. तुम्ही महिनोन् महिने गेला नाहीत, तर आई-बाबांना नुसतं वाईट वाटत नाही, चारचौघांत त्यांची पतही घसरते. हे लक्षात असू द्या.

भिंतीच्या आत आणि भिंतीच्या बाहेर

आता थोडी कडू बाजू.

सन सिटी ज्या शाळा-जिल्ह्यात येत होती, तिथे बाजूच्या गावांत तरुण कुटुंबं वाढत होती. नव्या शाळा बांधायला पैसे हवेत, म्हणून कर्जरोख्यांचे प्रस्ताव मतदानाला यायचे. सन सिटीचे रहिवासी भरभरून मतदान करायचे, आणि विरोधात करायचे. आमची मुलं तर शिकून मोठी झाली, आता आम्ही का भरायचं? एकामागून एक प्रस्ताव पडले. शेवटी १९७० च्या दशकाच्या मध्यात सन सिटीलाच त्या शाळा-जिल्ह्यातून बाहेर काढलं गेलं. तेव्हा कुठे बाजूच्या मुलांना शाळा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

या लोकांना दुष्ट म्हणून मोकळं होता येत नाही. ठरलेल्या पेन्शनवर जगणाऱ्याला वाढता कर छळतोच. पण जेव्हा तुमच्या रस्त्यावर एकही दप्तर दिसत नाही, तेव्हा शाळा ही दुसऱ्याची गोष्ट होते. ममफर्डची भीती इथे खरी ठरली.

आणि यंगटाउनचं काय झालं? १९९० च्या दशकात तिथे एक किशोरवयीन मुलगा आजी-आजोबांकडे राहायला आला. त्याच्या घरी त्याला त्रास होता. गावाच्या नियमात तो बसत नव्हता. गावाने आजी-आजोबांवर दंडाची टांगती तलवार धरली. प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेलं. तपासात निघालं की गावाचा वयाचा नियम कायदेशीररीत्या नीट मंजूरच झालेला नव्हता. १९९८ मध्ये यंगटाउनमधली वयाची अट संपली. ज्या गावापासून ही सगळी कल्पना सुरू झाली, तिथे आज लहान मुलं सायकल चालवतात.

तोवर अमेरिकेने कायदाही केला होता. १९८८ मध्ये, घर देताना लहान मुलं असलेल्या कुटुंबांना नाकारता येणार नाही, असा नियम आला, पण ज्येष्ठांच्या वसाहतींना सूट दिली. १९९५ मध्ये ती सूट आणखी स्पष्ट झाली, म्हणजे किमान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ च्या पुढचा हवा.

कॉलनीसुद्धा म्हातारी होते

हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे.

१९६० मध्ये सन सिटीत आलेलं जोडपं साठीचं होतं. टेनिस, पोहणं, नाच. जाहिरातीतला शब्द होता 'ॲक्टिव्ह'. दहा-पंधरा वर्षांनी तेच लोक पंच्याहत्तरीचे झाले. कुणाचा गुडघा गेला, कुणाची नजर, कुणाचा जोडीदार. आता गोल्फ कोर्सपेक्षा हॉस्पिटल महत्त्वाचं झालं. १९७० मध्ये तिथे बॉसवेल हॉस्पिटल सुरू झालं. पुढे नर्सिंग होम, मदतनीस, देखभालीची घरं असं एकेक आजूबाजूला उगवत गेलं. गाव बांधताना ते डोक्यात नव्हतं.

धडा सरळ आहे. म्हातारपण म्हणजे एक वय नाही, दोन वयं आहेत. एक, हिंडता-फिरता येतं ते. दुसरं, उठायला हात लागतो ते. ब्रोशर पहिल्याचं असतं. खरी गरज दुसऱ्यात लागते.

आता या पुण्यात

पुण्याला 'पेन्शनरांचं शहर' म्हणतात हे तुम्ही ऐकलंच असेल. त्यात १९९० नंतर आयटी आलं आणि घरोघरची मुलं अमेरिकेला गेली. त्यामुळे भारतात ज्येष्ठांची संकुलं जिथे लवकर रुजली त्यात पुणं असणं साहजिक आहे. परांजपे स्कीम्सचा 'अथश्री' हा त्यातला सुरुवातीचा, नाव झालेला प्रकल्प. पाषाण, बावधन अशा भागांत तो उभा राहिला. नावाची गंमत बघा. 'इति' नाही, 'अथ'. शेवट नाही, सुरुवात. वृद्धाश्रम या शब्दाचं ओझं झटकण्यासाठी हे सगळं. काही ठिकाणी जाहिरातीत 'वानप्रस्थ' शब्दही येतो. शास्त्रातला वानप्रस्थ म्हणजे घरदार सोडून वनात जाणं. लिफ्ट आणि जेनरेटर बॅकअपसकट नव्हे! पण भावना लक्षात येते.

याच काळात कायदे आले. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढचे लोक १० कोटींच्या वर होते. २००७ मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडील न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. मूळ कायद्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलांनी अट मोडली, तर ते हस्तांतरण रद्दही होऊ शकतं. गणपतराव बेलवलकरांच्या वेळी हे कलम असतं तर नाटकाचा दुसरा अंक वेगळा झाला असता! २०१९ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२४ मध्ये महारेरानेही ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष आणले. व्हीलचेअर जाईल असे दरवाजे, मोठी लिफ्ट, न घसरणारी फरशी, धरायला दांडे वगैरे. म्हणजे नुसतं 'सीनियर' असं नाव देऊन साधा फ्लॅट महाग विकता येऊ नये.

तराजूत टाकून बघू

आता इतिहासाने शिकवलेलं एकत्र मांडू. आधी जमेची बाजू.

एक. सोबत खरी असते, ते नुसतं जाहिरातीतलं वाक्य नाही. रोसो आणि हॉखशील्ड दोघांनी ते दाखवलं. विशेषतः जोडीदार गेल्यानंतर. चौथ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसलेल्या आईला जे मिळत नाही, ते खालच्या बागेत मिळू शकतं.

दोन. घर शरीराला साजेसं असतं. बाथरूममध्ये पाय घसरणं ही म्हातारपणातली छोटी गोष्ट नाही. एका पडण्याने सगळं आयुष्य बदलतं.

तीन. रोजची कटकट जाते. प्लंबर, वॉचमन, डबा, रात्री-अपरात्री गाडी.

चार. आई-बाबांना स्वतःचं राज्य मिळतं. मुलाकडे राहायचं म्हणजे त्याच्या घरी पाहुणं. इथे रिमोट त्यांच्या हातात.

आता खर्चाची बाजू, आणि मी फक्त पैशाबद्दल बोलत नाहीये.

एक. पैसे आहेतच. घराची किंमत किंवा मोठं डिपॉझिट, वर दर महिन्याचं शुल्क. पेन्शन ठरलेली, शुल्क वाढतं. सन सिटीतला करावरचा राग आठवा. आणि ज्यांना पेन्शनच नाही, शेतमजूर, कामवाल्या मावशी, रिक्षावाले, त्यांच्यासाठी हा पर्यायच नाही. त्यांच्यासाठी अजूनही 'निवारा'सारख्या संस्थाच आहेत, आणि त्या पुरेशा नाहीत.

दोन. दुसरं म्हातारपण. बरीच संकुलं 'स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी' असतात. विसरभोळेपणा वाढून डिमेन्शियापर्यंत गेला, अंथरूण धरलं, तर काय? पुन्हा हलवायचं? ऐंशीव्या वर्षी?

तीन. एकाच वयाची वस्ती म्हणजे वरचेवर कुणी ना कुणी जाणार. कट्ट्यावरची जागा रिकामी होत राहते. हे सगळ्यांना झेपत नाही.

चार. जुनी मुळं तुटतात. चाळीस वर्षांचा किराणेवाला, देवळाचा पुजारी, नाव घेऊन हाक मारणारा भाजीवाला. हे सामानाच्या टेम्पोत भरता येत नाही.

पाच. आणि तुमची सवय. 'तिथे सगळी सोय आहे' हे वाक्य हळूहळू 'आपण गेलो नाही तरी चालतं' असं होतं. रोसोची दोन खाती विसरू नका.

तिसरी वाट

जायचं की नाही, एवढे दोनच पर्याय आहेत असं समजू नका. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये बीकन हिल नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या काही ज्येष्ठांनी २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरवलं, आम्ही कुठे जाणार नाही. त्यांनी एक संस्था काढली. वर्गणी भरायची आणि घरबसल्या सेवा घ्यायची. विश्वासाचा प्लंबर, डॉक्टरकडे न्यायला गाडी, फिरायला ग्रुप, व्याख्यानं. गाव बांधण्याऐवजी त्यांनी आहे त्या गल्लीलाच गाव केलं. ही कल्पना पुढे अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पसरली.

यातलं अर्धं आपल्याकडे आहेच की! गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रं, बागेतले हास्यक्लब. हास्यक्लबची सुरुवातच मुळी १९९५ मध्ये मुंबईत, डॉ. मदन कटारिया यांनी केली. आपल्याकडे कमी आहे ती दुसऱ्या अर्ध्याची, म्हणजे रात्री दोनला फोन उचलणाऱ्या माणसाची. सोसायटीत वीस ज्येष्ठ असतील आणि त्यांनी मिळून एक नर्स, एक ड्रायव्हर ठरवला, तर बराच प्रश्न सुटतो. हे काम तुमच्यासारख्या मोबाइल हातात असलेल्या माणसाने एका रविवारी सुरू करण्यासारखं आहे.

मग विचारायचं काय?

ब्रोशर आलं तर लगेच भांडू नका आणि लगेच टोकनही भरू नका. हे प्रश्न विचारा. बाबा अंथरुणाला खिळले तर इथे राहू देणार का, आणि ते करारात लिहिलंय का? जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर, तेही संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये? मासिक शुल्क गेल्या पाच वर्षांत किती वाढलं? नाही जमलं तर बाहेर पडताना किती पैसे परत मिळतात? दोघांपैकी एक गेलं तर दुसऱ्याचं काय? घर विकायचं झालं तर कुणाला विकता येतं? आणि आधी महिनाभर राहून बघता येईल का? शक्य असेल तर जुनं घर लगेच विकू नका.

आणि शेवटचा प्रश्न, जो सेल्सच्या माणसाला नाही, आई-बाबांना विचारायचाय. 'तुम्हाला काय वाटतं?' दोघांना वेगवेगळं विचारा, कारण बाबांचं उत्तर आणि आईचं उत्तर एकच असेल असं नाही. आईला स्वयंपाकघरातून सुटका हवी असेल, बाबांना सुटणारी गल्ली नको असेल. किंवा उलट.

वर्कहाऊसमध्ये जोडप्याला कुणी विचारलं नव्हतं. सन सिटीत लोक स्वतः गाडी चालवत आले होते. साठ वर्षांचा हा सगळा इतिहास बघितल्यावर मला वाटतं, इमारत कशी आहे यापेक्षा तिथे जायचा निर्णय कुणी घेतला, यानेच आश्रम आणि घर यातला फरक ठरतो. चांगलं संकुलही लादलं तर वृद्धाश्रम होतं. आणि मुलाच्या थ्री-बीएचकेतली कोपऱ्यातली खोलीसुद्धा लादली तर वृद्धाश्रमच.

तर मंडळी, आज घरी फोन कराल तेव्हा 'जेवलात का' याच्यापुढे एखादा प्रश्न जास्त विचारा. उत्तर लगेच येणार नाही. थोडं थांबा, येईल.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हा भाग फॅमिली ग्रुपवर टाकायची हिंमत असेल तर जरूर टाका!